रक्त पातळ करणारी गोळी आणि अरुंद झडपेचे रुग्ण : पार्श्वभूमी

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडतात त्या आजारात, अर्धांगवायू टाळण्यासाठी इंदूरच्या मराठी घरांतून जिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात, ती अनेक वर्षे वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल हीच होती. १९५४ पासून औषध म्हणून रुळलेल्या वॉरफॅरिनने अर्धांगवायूचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने घटतो, हे १९९० च्या आसपासच्या चाचण्यांनी दाखवले. तरीही रक्तस्रावाच्या धास्तीने कित्येक वृद्धांना नुसत्या ॲस्पिरिनवर ठेवले गेले आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

२००९ पासून डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष येऊ लागले. आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी नको, पालेभाजीचे पथ्य नको, म्हणून या गोळ्यांचे स्वागत झाले. मात्र त्यांना मान्यता मिळाली ती 'नॉन-व्हॉल्व्ह्युलर', म्हणजे शब्दशः 'झडपेशी संबंध नसलेल्या', रुग्णांसाठी, आणि घोळ इथेच झाला. झडपेचा कोणताही दोष असला की ही गोळी चालत नाही, असा समज काही ठिकाणी पसरला, आणि झडपेतून थोडी गळती असलेले लोकही विनाकारण वगळले गेले. वस्तुतः मुख्य अपवाद दोनच होते : मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मध्यम किंवा तीव्र अरुंद झालेले रुग्ण आणि धातूची कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण. पाश्चात्य देशांत असे रुग्ण थोडे, म्हणून तिथे हा अपवाद किरकोळ ठरला. आपल्याकडे मात्र लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप अरुंद झालेल्या तरुण स्त्रिया आजही दवाखान्यांत दिसतात, आणि नेमक्या त्यांच्यासाठीच बराच काळ भक्कम पुरावा नव्हता. सोयीची गोळी त्यांनाही लागू पडेल, असे अनेक जण धरून चालले होते.

२०२२ मध्ये आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील २४ देशांतल्या सुमारे साडेचार हजार संधिवाती हृदयरुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. नव्या गोळीच्या गटापेक्षा जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. धातूच्या झडपेबाबत डॅबिगॅट्रानची चाचणी तर त्याआधीच थांबवावी लागली होती.

ठोक्यांची लय लवकर सुधारण्याकडे २०२० नंतर कल वाढला, पण त्यामुळे गोळीची गरज आपोआप संपत नाही. अरुंद झडपेच्या रुग्णाला आयएनआर सहसा २ ते ३ दरम्यान राखावा लागतो, हिवाळ्यात मेथी-पालक एकदम वाढवून चालत नाही, आणि धार-झाबुआकडच्या रुग्णाला या तपासणीसाठी वारंवार इंदूरची वाट धरावी लागू नये, अशी सोय तालुक्याच्या गावी व्हायला हवी.