आउटबोर्ड इंजिन बसवणे

होडीच्या मागच्या आडव्या भिंतीला (ट्रान्सम) बाहेरून अडकवलेले, गिअर आणि पंख्यासह एकसंध असलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड. अमेरिकेतील मिलवॉकीत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास ते विकायला सुरुवात केली. लहान इंजिन हाताने फिरवायच्या स्क्रूंवर भागते. मोठ्याला मात्र ट्रान्सममधून आरपार बोल्ट लागतात. १५० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन २०० किलोच्या वर भरते. ते चेन ब्लॉकने इंजिनावरच्या उचलकडीला धरूनच उचलावे.

आधी ट्रान्सम तपासावा. फायबरच्या होडीत त्याच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि जुन्या भोकांतून मुरलेल्या पाण्याने ते आतून कुजते. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला किंवा इंजिनाचा पाय (पाण्यात जाणारा खालचा भाग) धरून हलवताना ट्रान्सम लवला, तर आधी तो दुरुस्त करावा. जुने टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक बसवताना वजन वाढू शकते. मग मागची बाजू खाली बसते आणि डेकचे पाणी बाहेर काढणाऱ्या भोकांतून समुद्र आत येऊ लागतो.

इंजिनाच्या पायाची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळावी लागते. ठरलेली मापे १५, २०, २५ आणि ३० इंच अशी आहेत. पंख्याच्या वर असलेली इंजिनाची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा व्ही आकाराच्या तळाला २५ मिमीपर्यंत वर ठेवून सुरुवात करावी. इंजिन फार वर बसले तर वळणात पंखा हवा ओढतो, फेरे एकदम चढतात पण वेग वाढत नाही, शिवाय थंड करणारे पाणीही तुटते. फार खाली बसले तर पाणी उडते आणि होडी जड चालते.

भोकांची जागा प्रमाणित आहे : वरची जोडी ३२७ मिमी अंतरावर, खालची सुमारे २५१ मिमी, दोन्हींमध्ये उभे अंतर २०३ मिमी. मध्यरेषा तळापासून मोजावी, ट्रान्समच्या वरच्या कडेवर विसंबू नये. होडी हाताने घडवलेली असेल तर ती कड सरळ असतेच असे नाही. ब्रॅकेटवरची वरची भोके १९ मिमीच्या टप्प्याने असतात आणि खाली उभ्या खाचा असतात, म्हणून नंतर नवे भोक न पाडता उंची बदलता येते. ड्रिल ट्रान्समला काटकोनात धरावे. भोकाच्या आतल्या कडांना इपॉक्सी लावून सुकू द्यावे, मग ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे अर्ध्या इंचाचे बोल्ट सागरी सीलंटसह घालावेत. आत रुंद वायसर आणि आतून नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट असावेत. कायमचा चिकटणारा सीलंट इथे नको, कारण पुढे इंजिन काढावेच लागते.

इंधनाच्या नळीत पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवा; हाताने दाबायच्या फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असावा. बॅटरीच्या जाड वायरी पंखनटाने (हाताने पिळायच्या कानांच्या नटाने) बांधू नयेत. तो सैल होतो आणि इंजिन सुरू होताना व्होल्टेज पडते. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधली हवा पूर्ण काढावी, नाहीतर चाक फिरते आणि इंजिन हलत नाही. तळाला तांबेयुक्त रंग असेल तर तो इंजिनाच्या ॲल्युमिनियमपासून दूर ठेवावा, आणि जस्ताच्या ॲनोडवर (इंजिनाऐवजी स्वतः गंजणाऱ्या तुकड्यावर) कोणताच रंग नको.

पाण्याविना इंजिन सुरू करू नये. पंपाचा रबरी इम्पेलर काही सेकंदांतच जळू लागतो. जमिनीवर चाचणी घेताना इंजिन पाणी ओढते त्या जाळीवर नळाला जोडायचा कप लावून नळ चालू करावा आणि बाजूच्या छिद्रातून धार येते का ते पाहावे. चालक जागेवरून फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवणे अमेरिकेत २६ फुटांखालील होड्यांना १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. कोकणात ती बाळगायला कायद्याची वाट पाहू नये.

रन-इनचे (नवे इंजिन जपून चालवायचे) तास पुस्तिकेप्रमाणे पुरे झाल्यावर, नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण थ्रॉटलवर फेरे मोजावेत. अनेक १५० अश्वशक्तीच्या इंजिनांना मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे ही मर्यादा असते. फेरे कमी भरले तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा) पंखा घ्यावा. एक इंच पिच कमी केल्यास साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा कसावेत. दुसऱ्यांदाही नट बराच फिरला, तर ट्रान्सममधले लाकूड दबत आहे असे समजावे.