सांदवाडीतली फागुन-चैताची फुलं

सांदवाडी म्हणजे घराच्या मागची किंवा बाजूची कुंपण घातलेली जागा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे हाच शब्द चालतो, वऱ्हाडात कुणी वाडी म्हणतं कुणी परस, पण जागा तीच, एका अंगाला न्हाणी, एका अंगाला तुराट्या-पऱ्हाट्यांचं कुंपण, आणि मधात जे लावलं ते अन् जे आपोआप उगवलं ते सगळं. माघ सरता सरता इथं फुलं यायला लागतात ती चैत संपेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा आहे, पण विदर्भात मार्चअखेर पारा ४० ला टेकतो आणि मे महिन्यात ४५ च्याही वर जातो, वैशाखात दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, म्हणून इथला खरा वसंत फागुनातच येतो आणि चैतात उरकतो.

इथल्या बऱ्याच फुलांमागं एकच गोष्ट असते, ताण. संत्रावाल्याला हे सांगावं लागत नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा संत्र्याचा फुलोरा, धरायचा असला की थंडीत झाडाचं पाणी तोडतात, झाड थोडं मलूल होऊ देतात, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत सगळी बाग फुलावर येते आणि त्या वासानं रस्त्यानं जाणाऱ्याचीही गाडी हळू होते. सांदवाडीत एखादंच संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड असतं, त्यालाही हाच नियम लागतो. मोगऱ्याला तर फारच.

मोगरा हे सांदवाडीचं मुख्य फूल, निदान माझ्या मते तरी. आमच्याकडे तो न्हाणीच्या पाण्याच्या नालीवरच लावला होता, रोज पाणी, रोज ओल, आणि दोन वर्षं नुसती हिरवीगार पानं, फूल म्हणाल तर हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. मग मायनं पौषात नाली दुसरीकडं वळवली, झुडूप गुडघ्याएवढं छाटून टाकलं, बुंध्याची माती उकरून मुळ्यांना थोडं ऊन दाखवलं, आणि काही दिवसांनी शेणखत घालून पाणी चालू केलं. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकावर येतात, जुन्या लाकडावर नाही, त्यामुळं छाटलं नाही तर फूट नाही आणि फूट नाही तर फूल नाही. त्या वर्षी होळीनंतर रोज ओंजळभर कळ्या निघायला लागल्या. कळी दुपारून तोडायची, पांढरी झालेली पण मिटलेली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की दिवेलागणीला उमलायला लागते. झाडावरच राहिलेलं फूल सकाळी कडेनं गुलाबीसर पडतं आणि गळतं. एक मात्र सांगतो, कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मोगऱ्याला मानवत नाही, पानं पिवळी पडतात, ते पाणी केळीकडं नाहीतर अळवाकडं सोडावं, आंघोळीचं पाणी चालतं. आणि काळ्या मातीत लावायचा असला तर खड्ड्यात रेती आणि शेणखत भरपूर घाला, काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळ्या सडतात.

दुसरं फूल, ज्याला कुणी फूल म्हणून मोजतच नाही, ते सांबाराचं. सांबार म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. थंडीत लावलेला वाफा ऊन तापलं की दांड्यावर येतो, पानं बारीक होतात, भाजीत टाकायला काही उरत नाही, आणि लोक तो उपटून टाकतात. उपटू नका. जवळ बसून त्याचं छत्रीसारखं फूल बघा, मधातली फुलं एवढीशी आणि कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, त्यामुळं सगळा गुच्छ मिळून एकच मोठं फूल वाटतं, पांढरं, थोडी गुलाबी झाक असलेलं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यावर फुलोरी मधमाश्या, सातेरी मधमाश्या, मावा खाणारे ढालकिडे असे सगळे एकदम येतात. या टाईमला कापूस वेचून झालेला असतो, तूर निघालेली, हरभरा-गहू सोंगायला आलेला नाहीतर निघून गेलेला, शिवारात फूल म्हणून फारसं उरत नाही, तेव्हा गावात या माश्यांना सांदवाडीचाच आधार. मुळ्याची पांढरी-जांभळी फुलं, कांद्याचे गोल गेंद, शेवग्याचे झुपके, गोडनिंबाची म्हणजे कढीपत्त्याची बारीक फुलं, हे सगळं याच हिशेबात धरायला पाहिजे. शेवग्याची फुलं तर भाजीलाही चालतात, बेसन लावून केली की पोरंसुद्धा खातात.

झाडांमध्ये आंबा आणि कडुनिंब. आंब्याच्या एका मोहोरात हजारांनी फुलं असतात, त्यात बरीचशी नुसती नर, आणि शंभरातल्या एकालाही आंबा धरत नाही, हे झाडाचं दुखणं नाही, तसंच असतं. दुखणं येतं ढगाळ हवेनं, तुडतुडे वाढतात, भुरी म्हणजे पांढरी बुरशी पडते, मोहोर काळा होतो. आणि गारपीट आली तर विचारायलाच नको, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी विदर्भात मोहोर, संत्रा, गहू काही ठेवलं नव्हतं. कडुनिंबाची फुलं पाडव्याच्या आसपास येतात, सकाळी झाडाखाली पांढरा सडा पडलेला असतो, कोवळी पानं आणि फुलं गुळासोबत खायची पद्धत आहे ती त्याच दिवसाची.

पांढरा चाफा पानं गाळून बसलेला असतो आणि नुसत्या काड्यांच्या टोकावर फुलं काढतो. देवाला वाहायचं फूल म्हणून सगळ्यांना ते इथलंच वाटतं पण झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, आणि बोगनवेल ब्राझीलकडची. बोगनवेलीचं रंगीत जे दिसतं ती पानंच आहेत, खरं फूल मधातलं बारीक पांढरं. तिला पाणी जास्त झालं तर नुसती पानं करते, इथंही ताणच.

मधुमालतीचा वेल असला तर एक गुच्छ तीन दिवस लक्ष ठेवून बघा. संध्याकाळी फूल उमलतं तेव्हा पांढरं, वासाचं, लांब नळीचं, रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल, म्हणून एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात.

पळस सांदवाडीत लावत नाहीत, तो धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर नाहीतर जंगलात, पण फागुनात त्याची फुलं घरात येतातच, पाण्यात उकळून केशरी रंग होतो आणि पोरं तोच रंग धुळवडीला खेळतात. मोहाचंही तसंच, गडचिरोली-गोंदियाकडं पहाटे गळलेली मोहफुलं वेचून आणून अंगणात वाळत घालतात, तेव्हा सगळ्या घराला त्याचा गोडसर वास असतो.

चैत संपला की सांबार वाळतो, दांडे उपटून गोणपाटावर झोडायचे, धने डब्यात भरून ठेवायचे, पुढच्या वाफ्याला तेच बियाणं होतं. मोगरा मात्र न्हाणीच्या पाण्यावर चालू राहतो, आणि मिरगाचा पाऊस पडला की त्याची एक लांब फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, मुळ्या फुटल्या की कापून शेजारणीला द्यायची.