सर्व्हर-साइड इन्क्लूड : सामायिक शीर्षपट्टी व तळपट्टी

संकेतस्थळाच्या सर्व पानांवर सारखाच येणारा वरचा व खालचा मजकूर वेगळ्या फायलींत एकदाच लिहून ठेवायचा आणि पान वाचकाकडे रवाना होताना सर्व्हरने तो त्यात भरायचा, अशी पद्धत. संक्षेप : एसएसआय. वरच्या भागाला हेडर (शीर्षपट्टी) व खालच्या भागाला फूटर (तळपट्टी) म्हणतात. व्यवहारात ‘हेडर-फूटर’ हेच शब्द रूढ आहेत. मूळ पान साधी एचटीएमएल फाइलच राहते. डेटाबेस किंवा प्रोग्रामिंग भाषा लागत नाही.

दस्तऐवजाला ठराविक डोके आणि ठराविक शेवट देण्याची रीत मराठीला नवी नाही. मोडी पत्राच्या माथ्यावर ‘श्री’, मग मायना आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी ‘मोर्तब सुद’ वा ‘लेखनसीमा’चा शिक्का, ही मांडणी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या (स्थापना १९२७) संग्रहांत मराठेशाहीचे कागद पाहणाऱ्याच्या ओळखीची असते. शिक्का एकच आणि कागद हजारो, हेच तत्त्व येथेही आहे.

उगम : ही पद्धत अपाचे सर्व्हरमधून निघाली असे बरेचदा लिहिले जाते, कारण बहुतेकांनी ती अपाचेच्याच माहितीपत्रातून शिकलेली असते. परंतु अपाचे (१९९५) हा एनसीएसए एचटीटीपीडी या आधीच्या सर्व्हरला जोडलेल्या दुरुस्त्यांतून घडला. एचटीटीपीडी हा इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात (एनसीएसए) रॉब मॅककूल याने लिहिला आणि त्यात इन्क्लूडची सोय १९९३-९४च्या सुमारास होती. त्यामुळे उगम एनसीएसएकडे मानणे अधिक सयुक्तिक. तेथील आरंभीची रचना आजच्यापेक्षा वेगळी, साध्या टॅगसारखी होती. पुढे ती सोडून आज्ञा एचटीएमएलच्या टिप्पणीत (ब्राउझर पानावर दाखवत नाही अशा मजकुरात) गुंडाळण्याची पद्धत आली आणि जुन्या फायली नव्या रचनेत बदलून देणारा एक छोटा प्रोग्रामही सर्व्हरसोबत दिला जाई. आज्ञेपूर्वीचे ‘#’ हे चिन्ह सी भाषेच्या पूर्वप्रक्रियकाची आठवण करून देते. अट तपासणाऱ्या ‘जर–अन्यथा’ आज्ञा अपाचे १.२ मध्ये (१९९७) आल्या, २.० मध्ये (२००२) संपूर्ण सोय ‘आउटपुट फिल्टर’ (पान बाहेर जाताना त्यावर प्रक्रिया करणारा टप्पा) म्हणून नव्याने बसवली गेली.

अशी पाने ‘स्थिर’ म्हणावीत की ‘गतिशील’, यावर मतभेद आहेत. फाइल डिस्कवर जशीच्या तशी पडून असते म्हणून स्थिर, हा एक पक्ष. प्रत्येक मागणीला ती नव्याने जुळवली जाते म्हणून गतिशील, हा दुसरा. अपाचेची स्वतःची वर्तणूक दुसऱ्या पक्षाकडे झुकते : आज्ञा उलगडलेल्या पानासोबत तो ‘शेवटचा बदल केव्हा’ ही तारीख सहसा पाठवत नाही, कारण पान जुने असले तरी आत भरलेली तळपट्टी आजची असू शकते. परिणामी ब्राउझरला व मधल्या साठवण-सर्व्हरना जुनी प्रत वापरण्याचा भरवसा मिळत नाही आणि पान पुन्हा पुन्हा मागवले जाते.

कार्य : पानात जेथे पट्टी हवी तेथे टिप्पणीच्या रूपात आज्ञा लिहितात. (रोमन लिपीतील) आज्ञेची घडण <!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/सामायिक/तळ" --> अशी. सुरुवातीच्या ‘<!--’ आणि ‘#’ यांत जागा सोडायची नाही. शेवटच्या ‘-->’ आधी मात्र सोडायची. ‘व्हर्च्युअल’ऐवजी ‘फाइल’ असेही लिहिता येते, पण त्यात वरच्या फोल्डरकडे जाणारा वा मुळापासून सुरू होणारा मार्ग चालत नाही, म्हणून उपफोल्डर असलेल्या स्थळासाठी ‘व्हर्च्युअल’ बरे. आज्ञा असलेल्या फायलींना रूढीने एसएचटीएमएल हे अंत्यनाम देतात. सर्व्हरच्या मांडणीत ‘ऑप्शन्स’मध्ये ‘इन्क्लूड्स’ला मुभा द्यावी लागते आणि त्या अंत्यनामाला फिल्टर जोडावा लागतो. जुन्या पानांचे पत्ते बदलायचे नसतील तर एक्सबिटहॅक ही सोय आहे : युनिक्स प्रणालीवर फाइलीला ‘चालवण्या’ची परवानगी दिली की साधे एचटीएमएल अंत्यनाम असूनही तीतल्या आज्ञा उलगडल्या जातात. विंडोजवर ती चालत नाही. एक्सबिटहॅक ‘फुल’ ठेवून फाइलीला गटाचीही तशी परवानगी दिली, तर वर सांगितलेली बदलाची तारीख पुन्हा पाठवली जाते. मात्र ती मूळ पानाची असते, पट्टीची नव्हे. तळपट्टी वरचेवर बदलणाऱ्याने हा पर्याय टाळावा.

आज्ञा टिप्पणीच्या रूपात असल्यामुळे सर्व्हरशिवाय ती मुकी राहते. पेनड्राइव्हवर नेलेली पाने थेट उघडली तर चुकीचा संदेश न येता पट्ट्या नुसत्याच गायब असतात. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी तासन्‌तास आज्ञेतच चूक शोधत बसतो. सर्व्हरवर पट्टीची फाइल सापडली नाही तर मात्र ‘या आज्ञेवर प्रक्रिया करताना चूक झाली’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य चौकटी कंसात पानावरच उमटते.

देवनागरी मजकुराचे प्रश्न : इंग्रजी माहितीपत्रांत याला क्वचितच जागा मिळते, मराठी स्थळांना मात्र खरा त्रास येथेच होतो. सर्व्हर अक्षरे जोडत नाही, बाइट जोडतो. पट्टी कोणत्या संकेतनात (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) लिहिली आहे हे तो पाहत नाही; बाहेरच्या पानाचे संकेतन तेच सगळ्याचे, असे ब्राउझर धरून चालतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या पानाला यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनातील नवी शीर्षपट्टी जोडली की पान यूटीएफ-८ म्हणून वाचले जाते आणि १२७ च्या वरचे एकेरी बाइट बाद ठरतात. अर्धी अक्षरे प्रश्नचिन्हाच्या चौकोनांत जातात, उरलेली रोमन गिचमिडीसारखी दिसतात. आधी सर्व पाने युनिकोडमध्ये आणणे आणि मग पट्ट्या सामायिक करणे, हाच क्रम योग्य.

दुसरा प्रश्न बॉम या तीन बाइटच्या अदृश्य आरंभखुणेचा. विंडोजचे नोटपॅड यूटीएफ-८ फाइल जतन करताना ती आपोआप घाली. २०१९ पासून वेगळे सांगितल्याशिवाय ते ती घालत नाही. मूळ पानातही खूण आणि त्याच्या अगदी आरंभी जोडलेल्या शीर्षपट्टीतही खूण असली, तर पहिली ब्राउझर गाळतो, दुसरी मजकूर ठरते. ती डॉकटाइपच्या (पान एचटीएमएलचे आहे हे जाहीर करणाऱ्या पहिल्या ओळीच्या) आधी येत असल्याने पान जुन्या ‘क्वर्क्स’ रीतीने मांडले जाते आणि रुंदी-उंची बिघडते. तळपट्टीच्या आरंभी असलेली खूण रिकामी फट निर्माण करू शकते.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा. शीर्षपट्टी सामायिक असली तरी प्रत्येक पानाचा मथळा वेगळा हवा. त्यासाठी पानात ‘सेट’ आज्ञेने मथळा चलात (नाव दिलेल्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवतात आणि शीर्षपट्टीत ‘एको’ आज्ञेने तो छापतात. ‘एको’ सुरक्षिततेसाठी मजकूर एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात बदलते आणि अपाचेच्या अनेक आवृत्त्यांत हे करताना आस्कीबाहेरचा (साध्या रोमन अक्षरचिन्हांपलीकडचा) प्रत्येक बाइट सुटा धरला जातो. ‘अहिराणी’ हा शब्द युनिकोडच्या ७ संकेतबिंदूंचा, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. नुसत्या ‘अ’चे २२४, १६४ व १३३ असे तीन तुकडे पडतात आणि मथळ्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची माळ दिसते. उपाय म्हणून ‘एको’ला ‘एन्कोडिंग’ ‘नन’ सांगतात. तो पानातच लिहिलेल्या मथळ्यापुरता ठीक. पत्त्याच्या शेपटीतून (‘?’ नंतरच्या भागातून) आलेला मजकूर असा कधीच छापू नये, कारण त्यातून परकी स्क्रिप्ट पानात शिरते.

याच चलातून भाषेची खूणही देता येते. शीर्षपट्टीत भाषा ‘मराठी’ अशी पक्की लिहिली तर त्याच स्थळावरील अहिराणी ओव्यांचे पानही मराठी म्हणून नोंदले जाते. वस्तुतः अहिराणीला आयएसओ ६३९-३ मध्ये स्वतंत्र तीनअक्षरी संकेत आहे, आणि खान्देशातील स्थळ बांधणाऱ्याने तो आवर्जून वापरावा.

खान्देशाचा संदर्भ : तळपट्टीत संस्थेची ओळख असते, आणि खान्देशात ती ओळख वारंवार बदलली आहे. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खान्देश असे विभाजन झाले. हेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (स्थापना १९९०) २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र हे तीन जिल्हे. संलग्न महाविद्यालयाच्या प्रत्येक पानाखाली विद्यापीठाचे नाव येते. दोनशे सुटी पाने असलेल्या स्थळावर असा बदल दोनशे ठिकाणी करावा लागतो, आणि एखादे पान सुटले तर तेथे विद्यापीठाचे जुनेच नाव दिसत राहते. तळपट्टी सामायिक असेल तर एक ओळ पुरते.

सुरक्षा : ‘एक्झेक’ ही आज्ञा सर्व्हरवर प्रोग्राम चालवू शकते. वाचकांचे अभिप्राय आज्ञा उलगडणाऱ्या पानात जसेच्या तसे साठवले तर कोणीही ती आज्ञा अभिप्रायात लिहून पाठवू शकतो. म्हणून ‘इन्क्लूड्स’ऐवजी ‘इन्क्लूड्स-नोएक्झेक’ ही मुभा द्यावी. पट्ट्यांसाठी तेवढी पुरेशी आहे.

अन्य मार्ग : पीएचपीतही इन्क्लूड आहे, शिवाय प्रत्येक पीएचपी फाइलीच्या आधी व नंतर ठराविक फाइल आपोआप जोडण्याची सोय मांडणीतच आहे. जेकिलसारखी (२००८) साधने पट्ट्या आधीच जोडून तयार पाने बनवतात. सर्व्हरवर कसलीच मुभा मागावी लागत नसल्याने नव्या स्थळासाठी ती अधिक सोयीची. इंजिनएक्स सर्व्हरला एसएसआय कळते. त्याच्या ‘ॲडिशन’ या वेगळ्या भागाने तर पानात एकही आज्ञा न लिहिता आधी-नंतर मजकूर जोडता येतो. मात्र तो भाग सर्व्हर बांधतानाच मागून घ्यावा लागतो आणि मजकूर संपूर्ण दस्तऐवजाच्या, म्हणजे डॉकटाइपच्याही आधी पडतो. त्यामुळे डॉकटाइप व आरंभीचे टॅग शीर्षपट्टीत हलवून मूळ पाने केवळ मजकुराचे तुकडे म्हणून लिहावी लागतात.