शालेय गैरवर्तन : शाळा व पोलीस यांच्या जबाबदाऱ्या

विद्यार्थ्याच्या हातून घडलेला प्रकार शाळेने मिटवायचा की पोलिसांकडे सोपवायचा, आणि सोपवल्यावर कोणी काय करायचे, हे ठरवणारी नियमव्यवस्था. उलट उत्तरे, वर्गातला दंगा, परीक्षेतली कॉपी या गोष्टी शाळेच्या. शस्त्र, गंभीर मारहाण, लैंगिक अत्याचार, अमली पदार्थांची विक्री या पोलिसांच्या. इथवर फारसा वाद नाही. खरी अडचण मधल्या प्रकारांची : सुट्टीतली हाणामारी, मोबाइलची चोरी, बाकांची मोडतोड, वर्गमैत्रिणीचा फोटो ग्रुपवर फिरवणे. कायद्याने पाहिले तर यांतले बरेचसे गुन्हेच ठरतात; पण पिढ्यान्‌पिढ्या मुख्याध्यापकांच्या खोलीतच ते निकाली निघत आले.

शाळांना पोलीस अधिकारी जोडून देण्याची पद्धत अमेरिकेत मिशिगनमधील फ्लिंट शहरात १९५०च्या दशकात सुरू झाली. १९९९ मधील कोलंबाइन हायस्कूलच्या गोळीबारानंतर ती झपाट्याने पसरली. गोळीबार रोखण्यासाठी नेमलेला अधिकारी मग किरकोळ भांडणातही बोलावला जाऊ लागला, यात नवल नाही. तो दारातच उभा असतो.

दोन्ही यंत्रणा एकत्र आल्या की मुलाचे संरक्षण पातळ होऊ शकते, हा या विषयातला कळीचा मुद्दा. ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ (१९८५) खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळेला विद्यार्थिनीची पर्स तपासण्यासाठी वाजवी संशय पुरेसा मानला. पोलिसांसाठीचा निकष याहून कडक आहे. म्हणजे झडती शिक्षकाने घेतली पण सूचना पोलिसाची होती, तर निकष कोणाचा लावायचा? २०११ च्या ‘जे. डी. बी.’ खटल्यात तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातून उठवून बंद खोलीत पोलीस आणि शाळेचे अधिकारी यांच्यासमोर बसवले होते. घरी कळवलेले नव्हते. असा मुलगा कोठडीत (म्हणजे चौकशीआधी त्याचे हक्क सांगणे पोलिसांना बंधनकारक ठरावे अशा ताब्यात) आहे की नाही हे ठरवताना त्याचे वय लक्षात घ्यावे लागते, असे न्यायालयाने म्हटले.

इंग्लंडमधील पोलीस संहितेत शाळेच्या आवारात जबाब घेण्यास केवळ अपवादात्मक परिस्थितीत, तेही मुख्याध्यापकांच्या संमतीने परवानगी आहे. पालकांची वाट पाहण्यात अवाजवी विलंब होणार असेल, तर मुख्याध्यापक मुलाच्या बाजूने बसू शकतात. मात्र गुन्हा शाळेविरुद्धच असेल तर नाही. तक्रारदारच पालकाच्या जागी बसू नये, एवढी साधी समज त्यामागे आहे.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले जाते. त्याला बेडी घालता येत नाही, त्याच्याशी बोलताना पोलीस शक्यतो साध्या वेशात असावेत आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जावे, असा नियम आहे. गुन्हा किरकोळ वा गंभीर स्वरूपाचा असेल, अतिगंभीर नसेल, तर सर्वसाधारणपणे एफआयआर न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद केली जाते. उलट लैंगिक अत्याचाराबाबत शाळेला निवडच ठेवलेली नाही. पॉक्सो कायदा, २०१२ अन्वये माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब इथे चालत नाही.

मधल्या प्रकारांसाठी काही ठिकाणी अटकेऐवजी समुपदेशनाची वाट काढली गेली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २०१४ पासून पहिल्यांदाच सापडलेल्या, किरकोळ प्रकारातल्या विद्यार्थ्यांना अटक न करता सामाजिक सेवांकडे पाठवले जाऊ लागले. वर्षभरात शाळांतील अटका निम्म्याहून खाली आल्या.

पोलिसांना कळवल्यावर शाळेने स्वतःचा तपास थांबवावा, फोनमधील आक्षेपार्ह फोटो उघडून पाहू नयेत, पुरावा म्हणूनही पुढे पाठवू नयेत, असे सांगितले जाते. पण शाळेचे काम तिथे संपत नाही. तक्रार करणारी मुलगी आणि आरोप असलेला मुलगा दोघेही दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात येणार असतात. कोणाची तुकडी बदलायची, निलंबित मुलाचा अभ्यास कसा चालू ठेवायचा, वर्गाला किती सांगायचे, हे पोलीस ठरवत नाहीत.