मोबाइल दुकानासाठी मुद्रा कर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

मोबाइलच्या दुकानासाठी कर्ज मागायला जाताना बहुतेक जण आकडा घरूनच ठरवून जातात आणि तो पैसा कशावर खर्च होणार याचा विचार बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर करतात. अर्ज अडकतो तो इथे. नवं मॉडेल आलं की जुन्या हँडसेटचा भाव उतरतो आणि काउंटरमध्ये पडून राहिलेला माल दुकानदाराचं भांडवल खातो, हे कर्ज देणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यामुळे कागद कितीही मागितले तरी बँक त्यातून एकच गोष्ट शोधत असते : तुमचा माल किती वेगाने फिरतो आणि त्यातून हप्ता निघतो का.

मुद्रा कर्ज कोण देतं, किती देतं

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. मुद्रा ही संस्था दुकानदाराला थेट कर्ज देत नाही. कर्ज देतात त्या सरकारी आणि खासगी बँका, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, सूक्ष्म वित्त संस्था आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या. योजनेसाठी कुठलाही एजंट नेमलेला नाही. ‘तुमचं मुद्रा लोन मंजूर झालंय, आधी विम्याचे पैसे भरा’ असा फोन किंवा मंजुरीपत्राचा फोटो आला तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजा.

५० हजारांपर्यंतचं कर्ज शिशु गटात येतं, ५० हजार ते ५ लाख किशोर गटात आणि ५ ते १० लाख तरुण गटात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तरुण प्लस हा १० ते २० लाखांचा गट आला, पण तो तरुण गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांसाठीच आहे. दुकान अजून उघडायचं असेल तर त्याचा विचार सोडून द्या.

या कर्जाला तारण लागत नाही. घर किंवा जमीन गहाण ठेवायची नसते, मात्र कर्जातून घेतलेला माल आणि फर्निचर बँकेकडे नजरगहाण राहतं, म्हणजे वस्तू तुमच्याच ताब्यात, पण त्यांवर हक्क बँकेचा. तारणाच्या जागी सूक्ष्म उद्योगांसाठीच्या पतहमी निधीची हमी असते. ही हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होते, त्यामुळे ‘सरकार भरेल’ हा चौकातला सल्ला कानाआड करा. योजनेत अनुदान नाही आणि व्याजदर ज्याची त्याची बँक ठरवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घेणं फायद्याचं.

पात्रता

अट साधी आहे. शेतीबाहेरचा, उत्पन्न देणारा छोटा व्यवसाय हवा. उत्पादन, व्यापार आणि सेवा तिन्ही चालतात. मोबाइल आणि अ‍ॅक्सेसरीजची विक्री व्यापारात बसते, दुरुस्ती सेवेत बसते. अर्जदार सज्ञान असावा आणि कुठल्याही बँकेचा थकबाकीदार नसावा.

शेवटची अट मोबाइलवाल्यांना जरा जास्त नडते. गिऱ्हाइकाकडे कागद नाहीत म्हणून दुकानदार स्वतःच्या नावावर फायनान्स करून हँडसेट देतो, विक्री होते, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या हप्त्यानंतर फोन उचलत नाही. ती थकबाकी दुकानदाराच्या पतअहवालात (आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदीत) बसते आणि बँकेला पहिल्याच दिवशी दिसते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज करण्याआधी तो काढून बघा. जुनं खातं बंद करूनही अहवालात चालू दिसत असेल तर ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

दुकानाचे कागद आधी

तीन नोंदी लागतात आणि त्यातली एकही महाग नाही.

पहिली उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिथे अडकू नका. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये २ जुलै २०२१ पासून परत घेतलं गेलं, तेही अग्रक्रम क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा क्षेत्रांतल्या, कर्जापुरतं. आपल्याला हवं असतं ते नेमकं तेच. व्यवसायाचा प्रकार निवडताना दूरसंचार उपकरणांच्या किरकोळ विक्रीचा गट ४७४१ आहे, दुरुस्तीचा ९५१२. दोन्ही कामं करत असाल तर दोन्ही टाका. पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी उद्यम असिस्ट नावाची सोय आहे. त्यात नोंदणी बँक किंवा वित्त संस्थेमार्फत होते.

दुसरी गुमास्ता. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानंतर मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला परवान्याची गरज उरली नाही; ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. बोलताना सगळे त्यालाच गुमास्ता म्हणतात आणि दुकानाच्या पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेतही ती चालते.

तिसरी जीएसटी, आणि गोंधळ सगळा हिच्यात आहे. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण दुकानात दुरुस्तीचं टेबल असेल तर तुम्ही ‘फक्त माल विकणारे’ राहत नाही आणि मर्यादा २० लाखांवर येते. डिस्प्ले बदलून देण्याचे चारशे-पाचशे रुपये घेणाऱ्या अनेकांच्या हे गावीही नसतं. हँडसेटवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी नसेल तर डिस्ट्रिब्युटरच्या बिलातला हा कर तुम्हाला वळता करून मिळत नाही, तो खरेदी किमतीतच जातो. कंपोझिशन योजना घेतली तर व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का भरून मोकळं होता येतं, पण खरेदीवरच्या कराची वजावट तिथेही नाही. हँडसेटवरचा नफा आधीच इतका पातळ असतो की हा हिशेब कर सल्लागाराकडून एकदा मांडून घेतलेला बरा.

अर्जासोबत काय जोडायचं

शिशु गटात कागद थोडे : भरलेला अर्ज, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, अलीकडचे दोन फोटो, दुकानाचा पुरावा (उद्यम, गुमास्ता पावती, भाडेकरार किंवा वीजबिल), लागू असल्यास जातीचा दाखला, आणि काय घेणार त्याचं कोटेशन पुरवठादाराच्या नावासह.

किशोर आणि तरुण गटात याच्या जोडीला बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, चालू वर्षातल्या विक्रीचा आकडा, प्रकल्प अहवाल आणि जामीनदार नसेल तर स्वतःच्या मालमत्ता व देण्यांचं विवरण लागतं. कर्ज २ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दोन वर्षांचे ताळेबंद, विवरणपत्रं आणि पुढच्या वर्षाचा अंदाजित ताळेबंदही द्यावा लागतो. भागीदारी असेल तर करारनामा.

या सगळ्यात निकाल लावतात ते दोन कागद : कोटेशन आणि खात्याचा उतारा.

कोटेशनमध्ये नुसतं ‘मोबाइल हँडसेट, ३ लाख’ असं लिहून आणू नका. डिस्ट्रिब्युटरच्या लेटरहेडवर मॉडेलनिहाय नग आणि दर असू द्या, आणि त्यात कव्हर, चार्जर, इअरफोन, टेम्पर्ड ग्लास यांचा वाटा ठळक दिसू द्या. हँडसेट गिऱ्हाईक आणतो, पण टक्केवारीत बघितलं तर कमाई अ‍ॅक्सेसरीज आणि दुरुस्तीत जास्त असते. सगळा पैसा महागड्या फोनमध्ये घालणारा अर्ज वाचला की कुठल्याही कर्ज अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडणारच, आणि माझ्या मते ती रास्त आहे. सेकंडहँड फोनसाठी मात्र कर्ज मागणं अवघड जातं, कारण घरगुती विक्रेत्याकडे बिल नसतं. तो धंदा करत असाल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि आयएमईआय क्रमांक संचार साथी संकेतस्थळावर तपासून ठेवा. चोरीचा फोन दुकानात सापडला तर प्रश्न कर्जापुरता राहत नाही.

खात्याच्या उताऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. क्यूआर कोड बायकोच्या बचत खात्याला जोडलेला, रोख गल्ल्यातून परस्पर डिस्ट्रिब्युटरला, आणि चालू खात्यात महिन्याला चार नोंदी. असा दुकानदार दिवसाला कितीही विकत असला तरी कागदावर तो जवळपास काहीच विकत नाही. अर्ज करायच्या निदान सहा महिने आधी सगळी वसुली दुकानाच्या एकाच चालू खात्यात वळवा.

मुदत कर्ज की कॅश क्रेडिट?

फर्निचर, काउंटर, बोर्ड, दुरुस्तीची यंत्रं यांसाठी मुदत कर्ज घ्यावं. मालासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, घ्यावं. सीसीत जेवढी रक्कम जितके दिवस वापरली तेवढंच व्याज लागतं. माल विकून पैसे भरले की व्याज थांबतं. मुद्रा कार्डही याच खेळत्या भांडवलासाठी आहे. मालासाठी तीन वर्षांचं मुदत कर्ज घेतलं तर दिवाळीत आणलेला फोन पाडव्याला विकून टाकला तरी त्याचा हप्ता चालूच राहतो.

सीसीची मर्यादा ठरवताना बँका नायक समितीची उलाढालीची पद्धत वापरतात. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं. त्यातले उलाढालीच्या ५ टक्के मालकाने घालायचे, २० टक्के बँक देते. समजा येत्या वर्षी १५ लाखांची विक्री दाखवली, तर बँकेची मर्यादा ३ लाख आणि तुमचे ७५ हजार. आकडा फुगवायचा मोह इथेच होतो. पण खात्याच्या उताऱ्यात वर्षाची ६ लाखांची जमा असताना अहवालात १५ लाख लिहिले, तर वाढ कुठून येणार याचं उत्तर तयार ठेवा : दुसरा ब्रँड मिळाला, शेजारचा गाळा घेतला, असं काहीतरी तपासता येण्याजोगं.

अर्ज कुठे करायचा

जिथे चालू खातं आहे ती शाखा सगळ्यात सोपी. ऑनलाइनसाठी जनसमर्थ आणि उद्यमीमित्र ही संकेतस्थळं आहेत. तिथे अर्ज भरला तरी तपासणीला शाखेचा माणूस दुकानात येतोच. त्या दिवशी खरेदीची बिलं आणि साठ्याची वही हाताशी असू द्या.

अर्ज दिल्याची पोच मागून घ्या, ती देणं बँकेवर बंधनकारक आहे. कागद पूर्ण असतील तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. हे दिवस पोचेच्या तारखेवरून मोजता येतात, म्हणून ती पोच महत्त्वाची.

मुद्रात बसत नसेल तर

फुटपाथवर कव्हर आणि चार्जर विकणाऱ्यासाठी पीएम स्वनिधी जास्त सोयीची आहे. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिला टप्पा १५ हजारांचा, दुसरा २५ हजारांचा आणि तिसरा ५० हजारांचा झाला. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज अनुदान मिळतं. त्यासाठी पालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

गटातून मिळणारं सूक्ष्म वित्त कर्ज वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त पडतं. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. पहिल्या कर्जाला ते ठीक; दुकान बसलं की बँकेकडे वळलेलं चांगलं.

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत बसत असाल तर क्रम लक्षात ठेवा : महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र आधी, बँकेचं कर्ज नंतर.

नकार आला तर

कारण लेखी मागा. बहुतेक वेळा ते पतअहवाल, कमी उलाढाल किंवा अपुरे कागद यांपैकी एक असतं आणि तिन्ही सुधारून पुन्हा अर्ज करता येतो. पोच न देणं, मुद्रा कर्जाला तारण मागणं, अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवणं यांबद्दल आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते. मात्र कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यावर लोकपाल सुनावणी घेत नाही; तेव्हा तक्रारीत नकाराबद्दल न लिहिता विलंबाच्या तारखा आणि पोचेची प्रत जोडा.