कार्बोरेटरचा धातू आणि उडणारी मूठ

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर खेळण्यांची जी दुकानं लागतात, त्यांत ताडपत्रीवर नुसते यंत्रमानव मांडून बसलेला एक तरी माणूस असायचाच. छातीवर सिंहाचं तोंड, पोटरीला गाडीची चाकं, आणि पेटीवर कुठल्याच मालिकेशी न जुळणारं नाव. माझ्या पिढीच्या सोलापूरकराला जपानी रोबॉट पहिल्यांदा भेटला तो असा, नक्कल होऊन. ही नक्कल कशाची, हे कळायला पुढं पंधरा-वीस वर्षं गेली. छातीवर सिंह मिरवायची पद्धत १९७९ च्या 'दाल्तानियस' या जपानी मालिकेत दिसते आणि १९९७ च्या 'गाओगायगार'मध्ये ती पुन्हा जोरात आली. आमच्या ताडपत्रीवरचा सिंह या दोघांपैकी कुणाचा, यावर आजही वाद घालता येतो आणि आम्ही घालतोही.

आता शहरात असे रोबॉट जमवणारे बरेच निघाले आहेत. कुणी पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याचा मुलगा, कुणी इंजिनिअरिंगची पोरं, एक-दोन बँकेत नोकरी करणारे. नवं पार्सल आलं की पलंगावर चादर अंथरायची (सोलापुरात त्यासाठी चादर शोधावी लागत नाही) आणि तपासणी सुरू. वजन किती? सांधे घट्ट आहेत का? पडद्यावर दिसतो तसा दिसतो का? रूप बदलताना सुटे भाग काढून ठेवावे लागतात का? खेळणं चांगलं की वाईट हे ठरवायचे हे प्रश्न इतके अंगवळणी पडलेत, की ते आपणच काढले असं प्रत्येकाला वाटतं. खरं तर यातल्या प्रत्येक प्रश्नाला जन्मसाल आहे, आणि बहुतेक प्रश्न खेळणी विकणाऱ्यांनीच आपल्या तोंडी घातलेले आहेत.

सुरुवात मात्र खेळण्यातून झाली नाही, युद्धातून झाली. मित्सुतेरु योकोयामा हा कोबे शहरातला चित्रकार. लहानपणी त्याने बी-२९ विमानांनी भाजून काढलेलं आपलं गाव पाहिलं होतं. १९५६ साली त्याने 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली: युद्ध जिंकण्यासाठी गुपचूप बांधलेला लोखंडी राक्षस, आणि युद्धानंतर त्याचं रिमोट कंट्रोल एका शाळकरी मुलाच्या हातात. ज्याच्या हाती रिमोट त्याचा रोबॉट. चोराने पळवला तर चोराचा. १९६३ मध्ये त्याची कृष्णधवल मालिका झाली. याच योकोयामाच्या कल्पनेवरची, माणसांना घेऊन केलेली १९६७ ची एक मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' म्हणून लागायची. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबॉटला हाक मारणारा तो जॉनी सोको आज पन्नाशीच्या आसपास असलेल्यांना विचारा, लगेच मनगट तोंडाजवळ नेतील. म्हणजे गड्ड्याच्या आधीही ओळख होती. फक्त ती हातात घेता येत नव्हती.

हातात घ्यायची गोष्ट सुरू होते १९७२ च्या डिसेंबरात. गो नागाई हा चित्रकार सांगतो, की वाहतूक तुंबलेली असताना त्याच्या मनात आलं, आपल्या गाडीला हातपाय फुटले आणि ती पुढच्या गाड्या ओलांडून गेली तर? त्यातून 'माझिंगर झेड' झाला. आता मुलगा बाहेर उभा राहून रिमोट दाबत नाही, छोट्या विमानात बसून रोबॉटच्या डोक्यात उतरतो आणि तिथून तो चालवतो. फरक एवढासाच, पण विक्रीच्या दृष्टीने प्रचंड. रिमोटवाला रोबॉट हा मुलाचा नोकर. ज्याच्या डोक्यात आपण बसतो, तो आपलंच मोठं झालेलं अंग.

बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने १९७१ मध्ये पॉपी नावाची उपकंपनी काढली होती. पॉपीने आधी माझिंगरचा जवळजवळ ६० सेंटिमीटर उंचीचा पोकळ पुतळा आणला, शांपूच्या बाटलीसारख्या प्लास्टिकचा. तो खपलाच. पण इतिहास घडला १९७४ मध्ये, जेव्हा त्याच माझिंगरची वीतभरही नसलेली धातूची आवृत्ती 'चोगोकिन' या नावाने आली. चोगोकिन म्हणजे जबरदस्त मिश्रधातू. गोष्टीत माझिंगर फुजी पर्वतात मिळणाऱ्या एका काल्पनिक खनिजापासून केलेल्या अशा धातूचा असतो. खेळण्यातला धातू होता जस्ताचा, साच्यात दाबून ओतलेला. गोष्टीतला धातू हातात देतो असं सांगून पोरांच्या तळहातावर खरंखुरं वजन ठेवलं गेलं, आणि 'जड म्हणजे अस्सल' हा हिशेब तिथून पक्का झाला.

हा हिशेब किती खोल आहे ते मला माझ्या मामाने दाखवलं. मामा जॉबर, आयुष्य मागांच्या दुरुस्तीत गेलं. पहिला चोगोकिन घरी आला तेव्हा त्याने तो उचलला, अंगठ्याने पाठ चोळली, साच्याची जोडरेघ शोधली, आणि म्हणाला, "हा कार्बोरेटरचा माल आहे की बे! एवढे पैसे घालून कार्बोरेटर आणलास?" मुद्दा बिनतोड होता. स्कूटरचे कार्बोरेटर याच जातीच्या जस्ताच्या मिश्रधातूतून ओतत आले आहेत. स्वस्तात, बारीक नक्षीसकट आणि भराभर ओतता येतो, म्हणून कारखान्याला तो आवडतो. त्यातही खोट आहेच: धातूत शिसं मिसळलं गेलं तर वर्षांनंतर आतून तडे जाऊन तो भुगा होऊ लागतो. जुने धातूचे नग विकत घेताना कसलेले लोक रंगाच्या आधी बगल आणि मांडीचा आतला भाग बघतात ते यासाठीच.

चोगोकिनची दुसरी देणगी म्हणजे स्प्रिंगने उडणारी मूठ. कोपरापासून हात सुटून शत्रूवर जाऊन आदळतो, ही माझिंगरची खूण. खेळण्यात ती मूठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायची. १९७०चं दशक संपता संपता अमेरिकेत एका अंतराळयानाच्या खेळण्यातलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं, त्यानंतर असल्या उडणाऱ्या भागांवर कात्री चालली. काही ठिकाणी ते चिकटवूनच टाकले, काही ठिकाणी स्प्रिंगी नरम झाल्या.

मधल्या काळात पारडं उलटलं, गोष्टीवरून खेळणं न होता खेळण्यावरून गोष्ट होऊ लागली. १९७४ च्या 'गेटर रोबो'त तीन विमानं एकमेकांत घुसून रोबॉट व्हायचा, पण चित्रकाराने काढताना ती मेणासारखी ताणली होती. तसं खेळणं त्या काळी कुणालाच करता आलं नाही. पॉपीमधला आराखडे करणारा कात्सुशी मुराकामी आणि त्याच्या लोकांनी ही अडचण मुळातूनच सोडवली. १९७६ च्या 'कॉम्बॅट्लर व्ही'ची पाच वाहनं खेळण्यात जशी जुळतात तशीच ती पडद्यावर जुळतात, कारण जुळणी कारखान्याच्या टेबलावर आधी झाली होती. पाच वाहनं सुटी विकायची, सगळी घेतली तर एक देव उभा राहतो. सुटी विकायची युक्ती कुणाच्या डोक्यातून आली असेल त्याला मी व्यापारी म्हणून नमस्कार करतो आणि पालक म्हणून शिव्या देतो. इथून पुढं बहुतेक मालिका या वीस-पंचवीस मिनिटांच्या जाहिरातीच होत्या, आणि हे लपवायचा प्रयत्नही कुणी फारसा केला नाही. तरी त्यांतल्या काही गोष्टी जाहिरातीच्या बाहेर सांडल्या. पुढच्याच वर्षीची 'व्होल्टेस व्ही' फिलिपिन्समध्ये इतकी डोक्यावर घेतली गेली, की १९७९ मध्ये मार्कोस सरकारने शेवटचे भाग लागायच्या आतच ती बंद पाडली.

त्याच १९७९ च्या एप्रिलमध्ये योशियुकी तोमिनोचा 'गंडाम' आला, आणि संग्राहकांच्या दुनियेचे दोन तट पडले ते आजवर. इथे रोबॉट म्हणजे देव नाही, सैन्याचं यंत्र आहे. गोळ्या संपतात, भाग मोडतात, दुसऱ्या बाजूचेही लोक माणसंच असतात. प्रायोजक होती क्लोव्हर नावाची खेळणी कंपनी. तिला हवी होती भडक, जुळणारी, लहान मुलांची खेळणी. मालिका बघत होते थोराड पोरं आणि कॉलेजवाले, त्यांना ती बाळबोध खेळणी नको होती. खप नाही म्हणून ५२ भागांची मालिका ४३ वर गुंडाळली.

मग १९८० च्या जुलैमध्ये बांदाईने गंडामचे जुळवायचे संच काढले, किंमत ३०० येन. प्रमाण १/१४४. गोष्टीतला गंडाम १८ मीटर, म्हणजे हातातला साडेबारा सेंटिमीटर. हा भागाकार फार महत्त्वाचा आहे. तोवर खेळणं रोबॉटचं 'रूप' होतं. आता ते विमानाच्या किंवा रणगाड्याच्या मॉडेलसारखं मोजून केलेलं यंत्र झालं. डिंकाने चिकटवा, स्वतः रंगवा, चुकलं तर तुमचं चुकलं. पुनःप्रक्षेपण आणि १९८१-८२ चे तीन चित्रपट यांच्या जोरावर या संचांवर उड्या पडल्या. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली. 'पडद्यावरच्यासारखा दिसतो का' हा प्रश्न या संचांनी शिकवला. पुढं बिनडिंकाचे, रंगीत प्लास्टिकचे संच आले, १९९० पासून दर्जांच्या पायऱ्या ठरल्या, आणि आज आमच्याकडची पोरं हॉस्टेलवर नेलकटरने चौकटीतले भाग कापत बसतात. तसं करू नका, भाग जिथून तोडला तिथं पांढरा डाग राहतो. चांगली कटर घ्या, सातशे रुपयांच्या खेळण्यासाठी हजाराची असली तरी.

रूप बदलण्याचा अध्याय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर बोलायला लोकांना आवडतं आणि माझ्या हातून दोन पंख मोडलेले आहेत. १९८२ च्या 'मॅक्रॉस'साठी शोजी कावामोरीने एफ-१४ सारखं दिसणारं लढाऊ विमान असं आखलं, की ते खरोखरच दुमडून रोबॉट होतं. ताकातोकू या छोट्या कंपनीने त्याचं १/५५ प्रमाणातलं खेळणं काढलं. कंपनी दोनच वर्षांत बंद पडली, साचा बांदाईकडे गेला. दुसरीकडे अमेरिकेच्या हास्ब्रोने ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' वगैरे मालांना नवी नावं देऊन १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स उभे केले. त्यांतला जेटफायर म्हणजे त्याच बंद पडलेल्या ताकातोकूच्या साच्यातलं विमान. साचे असे घर बदलत राहतात. आमच्या ताडपत्रीवरची चिनी नक्कलही शेवटी त्याच कुळातली, फक्त तिला कुणी नाव दिलं नाही.

मोठ्यांसाठी मुद्दाम खेळणी काढण्याची सुरुवात १९९७ च्या डिसेंबरात 'सोल ऑफ चोगोकिन' या मालेने झाली. पहिला क्रमांक अर्थातच माझिंगर झेड. १९७४ मध्ये ज्यांना आईने नको म्हटलं, ते आता तिशीत होते आणि स्वतः कमावत होते. मग २००६ मध्ये कायोदो कंपनीने रेव्होल्टेक आणलं: एकाच धर्तीचा, कटकट आवाज करत टप्प्याटप्प्याने वळणारा सांधा सगळ्या पुतळ्यांना. धातू जवळजवळ नाही, वजन नाही, पण धावताना, उडी मारताना, गुडघ्यावर टेकून नेम धरताना उभा राहतो. तेव्हापासून वजनवाले आणि सांधेवाले यांचं पटत नाही. मी वजनवाला. सांधेवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे हे मला मान्य आहे, तरी हलका पुतळा हातात आला की फसवल्यासारखं वाटतं. मामाच्या भाच्याने दुसरं काय वाटून घ्यावं?

भारतात हे सगळं उशिरा आणि महाग पोचलं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. जपानी पेट्यांवर 'वय १५ वर्षांपुढे' छापलेलं असतं, पण शुल्काच्या तक्त्यात पोराचं खेळणं आणि बापाचं खेळणं शेजारीशेजारीच बसतं. त्यामुळे इथला संग्रह वापरलेल्या नगांवर चालतो. कुणी पुण्याहून 'हुतात्मा एक्सप्रेस'ने येताना मांडीवर पेटी घेऊन येतो, आणि परीक्षण लिहिताना पहिली ओळ असते ती पेटीच्या कोपऱ्यांची.

सोलापूरची स्वतःची एक कसोटी या सगळ्यात भर घालते, ती मे महिन्याची. ४२-४३ अंशांत पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी ठेवली की मऊ प्लास्टिकमधलं तेलासारखं द्रव्य बाहेर येतं आणि पुतळा गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो. कोमट साबणाच्या पाण्याने निघतं, पण पुन्हा येतं. उन्हाच्या तिरिपीत ठेवलेले पांढरे भाग पिवळे पडतात ते मात्र पिवळेच राहतात. म्हणून जपानी परीक्षणांत न सापडणारा एक प्रश्न आमच्याकडे विचारला जातो: कपाट कुठल्या भिंतीला आहे? पश्चिमेच्या भिंतीला असेल तर कुणी आपला नग दाखवायलाही नेत नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा गड्ड्यातला सिंह निघाला. एक पाय गेलेला, रंग उडालेला, वजन काहीच नाही. त्याला सोल ऑफ चोगोकिनच्या शेजारी उभा केला आणि दोघांच्या मुठी उडवून पाहिल्या. जपान्याची मूठ हातभर जाऊन सभ्यपणे पडली. गड्ड्यातली फ्रिजवर आपटून त्याच्याच खाली गेली, ती अजून सापडलेली नाही.