अल्झायमर आणि वनस्पतिजन्य औषधे

अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये हा आजार प्रथम वर्णिला. त्यात बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, पेशींत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात आणि स्मृतीला लागणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन कमी पडते. वनस्पतींमधून आलेली मान्यताप्राप्त औषधे या शेवटच्या उणिवेवर काम करतात.

त्यांत गॅलँटामाइन ठळक. ते स्नोड्रॉप, डॅफोडिल या फुलझाडांच्या कंदांत सापडते. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघ व बल्गेरियात त्यावर काम झाले आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी त्याला मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्माइन या दुसऱ्या औषधाचा रेणू पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबारच्या विषारी बियांमधल्या फायसोस्टिग्माइनवरून बेतला आहे. या औषधांनी लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात, पण आजार थांबत नाही. ‘गोळी नको, झाडपाल्याचंच द्या’ असा हट्ट धरणाऱ्या नागपूरकर कुटुंबाला हे सांगायलाच हवे की ती गोळीही मुळात झाडापासूनच आलेली असू शकते. फरक आहे तो मोजलेल्या मात्रेचा आणि रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा.

विदर्भात हळदीवर मोठा भरवसा. नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आणि भरपूर कुर्क्युमिनसाठी (हळदीतला पिवळा घटक) नावाजलेली. प्रयोगशाळेत कुर्क्युमिन अमायलॉइडच्या तंतूंना चिकटते, त्यांची जुळणी रोखते. पण पोटातून रक्तात ते फारच थोडे उतरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. मिरीतील पायपरिन शोषण वाढवते खरे, मात्र त्यामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते.

नागपुरी संत्रे ज्या मँडरिन गटातले, त्या गटाच्या सालींत हेस्पेरिडिन व नोबिलेटिन ही द्रव्ये असतात. उंदरांवरील प्रयोगांत त्यांनी स्मृती सुधारल्याचे दिसले. माणसांबाबत एवढ्यावरून काही ठरत नाही.

चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी ही मेध्य (बुद्धी-स्मृतीला पोषक) रसायने सांगितली आहेत. बाजारात मंडूकपर्णी आणि बॅकोपा या दोन वेगळ्या वनस्पती ‘ब्राह्मी’ म्हणून विकल्या जातात, तेव्हा पुडीत नेमके काय आहे हे विचारून घ्यावे. बॅकोपाने निरोगी ज्येष्ठांची आठवण काहीशी सुधारल्याचे छोट्या चाचण्यांत आढळले, पण अल्झायमरच्या रुग्णांसाठी पुरावा तुटपुंजा आहे. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची मात्र अमेरिकेत तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर चाचणी झाली. २००८ च्या निष्कर्षानुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर गिंको किंवा कुर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.